सोलापुरातून परदेशात नर्सिंग शिकायला: कोर्स निवडण्यापासून पहिल्या ड्युटीपर्यंत

बारावीचा निकाल लागला की ‘परदेशात नर्सिंग, नोकरीची हमी’ असले मेसेज सोलापूरच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरायला लागतात. काही खरे असतात, पुष्कळसे अर्धवट खरे. हा लेख बारावी झालेल्या मुलामुलींसाठी आहे, पण आईवडिलांनीही वाचावा, कारण कर्जाच्या कागदावर सही त्यांची असते.

पायरी १: कोर्सचं नाव ऐकू नका, नोंदणी विचारा

नर्स कुठेही असो, ती काम करते ती नोंदणीवर. आपल्याकडे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, ब्रिटनमध्ये नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल, म्हणजे एनएमसी. ऑस्ट्रेलियात नर्सिंगचं बोर्ड आहे आणि नोंदणीचं काम आप्रा ही संस्था बघते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं बोर्ड वेगळं. डिग्री कितीही मोठ्या विद्यापीठाची असली आणि त्या कौन्सिलने तो कोर्स मान्य केलेला नसला, तर वॉर्डात नर्स म्हणून उभं राहता येत नाही.

म्हणून कोणी कोर्स सुचवला की एकच विचारा: ‘हा संपल्यावर मला तिथे रजिस्टर्ड नर्स म्हणून नोंदणी मिळेल का, आणि कौन्सिलच्या यादीत हा कोर्स कुठे आहे ते दाखवा.’ एनएमसी आणि आप्रा, दोघांच्याही वेबसाइटवर मान्य कोर्सची यादी कोणालाही फुकट बघता येते. समोरच्याने विषय बदलला तर तिथून उठा.

फसगत बहुतेक नावातच होते. ‘हेल्थ अँड सोशल केअर’, ‘पब्लिक हेल्थ’, ‘हेल्थकेअर मॅनेजमेंट’ यांपैकी एकही नर्सिंग नाही. ऑस्ट्रेलियातला ‘डिप्लोमा ऑफ नर्सिंग’ खरा असतो, पण त्यातून एन्‍रोल्ड नर्स होता येतं. ते पद रजिस्टर्ड नर्सच्या खालचं. आणि ‘कोणताही कोर्स घ्या, नंतर केअर वर्करचा व्हिसा काढून देतो’ असं ब्रिटनबद्दल कोणी सांगत असेल तर ऐकून घ्या आणि घरी या. जुलै २०२५ पासून ब्रिटनने केअर वर्करची परदेशातून नवी भरती बंद केली आहे.

पायरी २: आता जायचं की चार वर्षांनी?

ही पायरी बहुतेक जण गाळतात. परदेशात नर्स होण्याचे रस्ते दोन. एक, बारावीनंतर थेट तिकडे शिकायला जायचं. दुसरा, इथेच बी.एस्सी. नर्सिंग किंवा जीएनएम हा डिप्लोमा करायचा, नोंदणी घ्यायची, वर्ष-दोन वर्षं चांगल्या हॉस्पिटलमध्ये काम करायचं आणि मग नर्स म्हणूनच जायचं.

दुसऱ्या रस्त्यात बी.एस्सी.ची चार वर्षं जातात (जीएनएमची तीन). सीईटी द्यावी लागते, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या परीक्षा असतात. पण घरावर कर्जाचा डोंगर चढत नाही. पुढे ब्रिटनसाठी संगणकावरची सीबीटी आणि तिथे जाऊन ओस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा द्यायची असते, अमेरिकेसाठी एन्क्लेक्स-आरएन ही नोंदणीची परीक्षा, जर्मनीसाठी भाषा आणि पदवीची मान्यता. ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर बहुतेक भारतीय पदवीधरांना एन्क्लेक्स आणि ओस्की दोन्ही द्याव्या लागतात. निवड झाली तर यातला बराच खर्च अनेकदा हॉस्पिटलच करतं. मात्र ही भरती कमी-जास्त होत राहते. आज जोरात असलेली चार वर्षांनी तशीच असेल, असं धरून चालू नका.

माझं मत स्पष्ट आहे. घरात वेगळे काढलेले पैसे नसतील आणि विकायचं म्हटलं तर राहतं घर किंवा कारखान्याचा शेडच असेल, तर पदवी इथे करा. सिव्हिलसारख्या गर्दीच्या हॉस्पिटलमध्ये ड्युटी केलेल्या मुलीचा हात शिरा शोधायला जसा बसतो, तसा तिकडे तीन वर्षं शिकूनही बसेलच असं नाही. थेट जाण्यात अर्थ आहे तो दोन प्रकारच्या मुलांना: ज्यांच्या घरी खर्च खरोखर झेपतो त्यांना, आणि जे जर्मनीसाठी भाषेवर वर्ष-दीड वर्ष घालायला तयार आहेत त्यांना.

पायरी ३: देश

ब्रिटनमध्ये नर्सिंगची पदवी तीन वर्षांची असते. एनएमसीच्या नियमाने ४,६०० तास भरावे लागतात, त्यातले निम्मे प्लेसमेंटचे, म्हणजे प्रत्यक्ष वॉर्डात काम करत शिकण्याचे. अर्ज यूकॅस या एकाच पोर्टलवरून जातो आणि त्यात पाच पर्याय देता येतात. आपल्याकडच्या मुलांना एक गोष्ट माहीतच नसते: शाखा प्रवेशाच्या वेळीच निवडायची असते. अ‍ॅडल्ट, चाइल्ड, मेंटल हेल्थ आणि लर्निंग डिसॅबिलिटी. ‘जागा मिळतेय म्हणून मेंटल हेल्थ घेतलं’ असं करू नका, पुढची नोंदणी त्याच शाखेत होते. नर्सिंगला इंटरव्ह्यूही असतो. तिथे गुणांपेक्षा तुम्ही माणसांशी कसे वागता ते बघतात. ‘आजोबा जेवायला नको म्हणताहेत, तुम्ही काय कराल?’ अशा तऱ्हेचे प्रश्न येतात, आणि ‘समजावून खायला लावीन’ एवढ्यावर भागत नाही.

ऑस्ट्रेलियातही पदवी तीन वर्षांची, त्यात किमान ८०० तास प्लेसमेंट. फी जास्त. शिक्षण चालू असताना विद्यार्थ्याला पंधरवड्याला ४८ तास काम करता येतं. ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला २०. ही कमाई भाजी-भाड्याला उपयोगी पडते, फीला नाही. प्लेसमेंटच्या आठवड्यांत तर तेवढीही होत नाही.

जर्मनीचा प्रकार निराळा. तिथे मुख्य वाट पदवीची नाही, ‘आउसबिल्डुंग’ची आहे: तीन वर्षांचं व्यावसायिक प्रशिक्षण, त्यात किमान २,१०० तास वर्ग आणि २,५०० तास वॉर्ड. २०२० पासून मुलांची, मोठ्यांची आणि वृद्धांची शुश्रूषा एकत्र करून एकच पात्रता दिली जाते. बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नसते, उलट हॉस्पिटल किंवा वृद्धाश्रम तुमच्याशी करार करून महिन्याला विद्यावेतन देतो. सरकारी वेतनश्रेणीत पहिल्या वर्षी ते साधारण १,४०० युरोच्या आसपास असतं. कपात जाऊन हजार-अकराशे हातात येतात आणि त्यातूनच भाडं द्यायचं. तीन वर्षांनी लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक अशी सरकारी परीक्षा. पण ही पदवी नाही, हे घरात नीट सांगा. पुढे एम.एस्सी. करायची किंवा भारतात येऊन शिकवायचं मनात असेल तर ही वाट अडते. वर्षं तीनच दिसली तरी भाषेचं वर्ष-दीड वर्ष आधी मोजायचं. जागा शोधायला ‘मेक इट इन जर्मनी’ ही जर्मन सरकारची वेबसाइट आहे आणि हॉस्पिटलांच्या स्वतःच्या जाहिराती असतात.

अमेरिकेत पदवी चार वर्षांची आणि खर्च सगळ्यांत जड. त्यात तिथे राहून काम करण्याच्या व्हिसाची रांग लांब. कॅनडाने २०२४ पासून विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली आहे. दोन्हीकडे जवळचे नातेवाईक असतील आणि खर्च उचलणार असतील, तरच विचार करा.

पायरी ४: भाषा

ब्रिटन-ऑस्ट्रेलियाच्या नर्सिंगला इंग्रजीचा दर्जा इतर कोर्सपेक्षा वर असतो. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत, तिच्या ‘अ‍ॅकॅडमिक’ प्रकारात, साधारण ७ बँड धरून चला. एमबीएला गेलेल्या चुलतभावाला ६ वर प्रवेश मिळाला म्हणून तुम्हालाही मिळेल असं नाही. ‘जनरल’ची परीक्षा देऊ नका, ‘अ‍ॅकॅडमिक’च द्या, निकाल दोन वर्षं चालतो. आधीच नर्स असलेल्यांना ओईटी ही इंग्रजीची दुसरी परीक्षा बरी पडते, कारण तिच्यात रुग्ण, केसपेपर, डिस्चार्जचं पत्र असा ओळखीचा मजकूर असतो. मराठी माध्यमाच्या मुलांचा बँड बहुतेक वेळा लेखनात अडकतो, बोलण्यात नाही. रोज एक पान लिहा आणि व्याकरण येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. क्लासमधले ‘टेम्पलेट’ पाठ करून परीक्षक फसत नाहीत.

जर्मनसाठी व्हिसाला साधारण बी१ ही भाषेची पातळी लागते, बरीच हॉस्पिटलं बी२ मागतात. शून्यापासून तिथवर नियमित अभ्यासाने वर्ष ते दीड वर्ष लागतं. ‘तीन महिन्यांत बी१’ हे जाहिरातीतच होतं. ग्योथे या जर्मन भाषेच्या संस्थेच्या परीक्षांसाठी पुण्याचं मॅक्स म्युलर भवन आहे.

इथे सोलापूरच्या मुलांनी घाबरायचं कारण नाही. शहराच्या पूर्व भागातलं पोर घरी तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात हिंदी बोलतं आणि शेजारी कन्नड असेल तर तेही उचलतं. नवी भाषा कानाने उचलायची सवय ज्याला आहे त्याला जर्मनही जमते. आपल्याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि चिनी शिकून त्या भाषेत रुग्णांशी बोलायला लागले. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकावर शाळेची सहल नेतात, पण हे कोणी सांगत नाही.

पायरी ५: कागद, आणि मुख्यतः नाव

व्हिसा पैशापायी अडतो तसा नावापायीही अडतो. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’ आणि ‘सरनेम’ असे दोन भाग. आधारवर तिसराच क्रम. त्यात आपल्याकडे इंग्रजी स्पेलिंगची मजा असते: ‘गायत्री’तल्या ‘त’साठी शाळा नुसता ‘टी’ लावते आणि घरचे तेलुगू वळणाने ‘टीएच’. आडनावांचं तर विचारूच नका.

बारावीचा निकाल यायच्या आधीच सगळे कागद एका टेबलावर मांडा: जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं, आधार, आधीच काढलेला असेल तर पासपोर्ट. प्रत्येकावरचं नाव आणि जन्मतारीख अक्षर-अक्षर ताडून बघा. चूक गुणपत्रिकेत असेल तर शाळेमार्फत पुणे विभागीय मंडळाकडे दुरुस्तीचा अर्ज करा. याला वेळ लागतो आणि शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागतात. नावच बदलायचं असेल तर शासन राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते. किरकोळ फरकाला प्रतिज्ञापत्र कधी चालतं, कधी नाही, म्हणून त्याच्यावर विसंबू नका. पासपोर्ट सगळ्यांत शेवटी, दुरुस्त कागदांवरून काढा. जन्मदाखला महापालिकेकडून मराठी-इंग्रजी दोन्हींत घ्या. पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्टच्याच पोर्टलवरून मिळतं. त्याची घाई नको, ते व्हिसाच्या सुमारास ताजं लागतं.

पायरी ६: पैसा

इथे मोजून बोलू. ब्रिटनची नर्सिंगची फी विद्यापीठानुसार वर्षाला साधारण १५ ते २० हजार पौंड किंवा त्याहून वर. लंडनबाहेर राहण्या-जेवणाला महिन्याला हजार-बाराशे पौंड धरा. शिवाय व्हिसा फी आणि दर वर्षाचा ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभार. हा अधिभार पूर्ण कोर्सचा एकदम भरावा लागतो. तीन वर्षांची बेरीज सध्याच्या दराने कोटी ते सव्वा कोटीच्या घरात जाते. ऑस्ट्रेलियाही कोटीच्या वर. जर्मनी मात्र भाषा, परीक्षा, व्हिसा, विमान आणि पहिल्या दोन महिन्यांचं भाडं धरून काही लाखांत बसतं.

आता परतफेड. पन्नास लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी काढलं तर नुसतं व्याज वर्षाला सव्वापाच लाख, म्हणजे महिन्याला जवळपास ४४ हजार, आणि शिक्षण चालू असताना हप्ता नसला तरी हे व्याज चढतच असतं. इंग्लंडमध्ये सरकारी सेवेतल्या नव्या नर्सचा पगार, ‘बँड ५’ या वेतनश्रेणीत, २०२५-२६ मध्ये वर्षाला ३१,०४९ पौंडांपासून सुरू होत होता. कर, विमा, पेन्शन जाऊन महिन्याला दोन हजार पौंडांच्या आसपास हातात. त्यातून भाडं आणि खाणं. उरेल त्यातून हप्ता. हे आकडे वहीत लिहून वडिलांसमोर ठेवा, मग बँकेत जा.

सर्वसाधारणपणे साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला सरकारी बँक तारण मागते. घर तारण ठेवायचं तर बँकेचा वकील टायटल तपासतो, मालमत्ता पत्रक किंवा सात-बारा, मंजूर नकाशा, बांधकाम परवाना मागतो. गुंठेवारीतली जागा नियमित केलेली नसेल तर फाइल इथेच थांबते. सोलापुरातल्या हद्दवाढ भागात ही अडचण घरोघरी आहे. नियमितीकरण करायचं असेल तर प्रवेशाच्या वर्षभर आधी लागा. खासगी वित्तसंस्था तारणाशिवाय देतात, पण व्याज जास्त घेतात.

शिष्यवृत्तीबद्दल गैरसमज फार. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, बारावीनंतरच्या पदवीला मिळत नाही. ‘ती मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. ओबीसी महामंडळाची शैक्षणिक कर्जावरच्या व्याजाचा परतावा देणारी योजना मात्र परदेशी शिक्षणालाही आहे. कर्ज काढायच्या आधी जिल्हा कार्यालयात जाऊन अटी विचारा, मंजुरीनंतर नव्हे.

खात्यात दाखवायचे पैसे कोणाकडून तात्पुरते आणून ठेवायचा सल्ला एजंट हमखास देतात. ब्रिटनला ती रक्कम सलग २८ दिवस खात्यात लागते आणि अधिकारी ‘हे कुठून आले’ असं विचारू शकतात. खोटं सापडलं तर पुढच्या अर्जांवरही दहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते.

पायरी ७: लस आणि तब्येत, तीही आत्तापासून

प्लेसमेंटला जाण्याआधी विद्यापीठ लसीकरणाचा पुरावा मागतं. हिपॅटायटिस बीचे तीन डोस घ्यायचे तर नेहमीच्या वेळापत्रकाने सहा महिने लागतात: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. त्यानंतर प्रतिपिंडांची रक्ततपासणी. म्हणजे ऑफर लेटर आल्यावर सुरुवात केली तर उशीरच झाला. गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस आणि कांजिण्यांची लस किंवा प्रतिकारशक्तीचा अहवाल हेही लागतं. लहानपणीचं लसीचं कार्ड हरवलं असेल तर डॉक्टरांना विचारून तपासण्या करून घ्या, आणि तारखा, बॅच नंबर, सही-शिक्क्यासह इंग्रजीत लिहून घ्या. ब्रिटनला सहा महिन्यांहून जास्त राहायला जाणाऱ्या भारतीयांना क्षयरोगाची तपासणी सक्तीची आहे आणि ती त्यांनी मान्य केलेल्या क्लिनिकमध्येच करावी लागते.

पायरी ८: एजंट

एजंट घ्यायलाच हवा असं नाही. यूकॅसचा अर्ज स्वतः भरता येतो. घेतलात तर हे लक्षात ठेवा की विद्यापीठं त्यांना प्रत्येक विद्यार्थ्यामागे कमिशन देतात, त्यामुळे तो तुम्हाला त्याच्या यादीतलंच कॉलेज सांगणार. परदेशात *नोकरी* लावून देणाऱ्या एजंटला १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली परवाना लागतो, तो ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो, आणि त्याचं शुल्क ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त असू शकत नाही. शिक्षणाच्या कन्सल्टन्सीला हा परवाना लागत नाही, म्हणून भिंतीवरच्या प्रमाणपत्रांना भुलू नका. फी थेट विद्यापीठाच्या खात्यात भरा. मूळ गुणपत्रिका कोणाकडेही ठेवायला देऊ नका. ईमेल आणि पासवर्ड तुमचाच असू द्या. व्हिसाचा अर्ज शेवटच्या पानापर्यंत स्वतः वाचा.

बायोमेट्रिक आणि कागद द्यायला पुणे किंवा मुंबई गाठावं लागतं. पुण्याचं काम असेल तर सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून रात्री घरी येता येतं, मुक्कामाचा खर्च वाचतो.

पायरी ९: तिथल्या वॉर्डातलं काम आधी समजून घ्या

याची कल्पना कोणी देत नाही म्हणून जरा सविस्तर. आपल्याकडे पेशंटजवळ नातेवाईक असतो. अंग पुसणं, भरवणं, बेडपॅन देणं, कूस बदलणं हे आई, बहीण, सून करते. सिस्टर इंजेक्शन, सलाइन, औषधं बघतात. तिकडे नातेवाईक ठरलेल्या वेळी भेटून निघून जातात. ऐंशी वर्षांच्या आजींना आंघोळ घालणं, त्यांच्या कवळ्या धुणं, आजोबांना शौचाला नेणं हे नर्सचं आणि शिकाऊ नर्सचंच काम आहे, मग तुम्ही मुलगी असा की मुलगा. मनात थोडाही किंतु असेल तर जाण्याआधी एखाद्या वृद्धाश्रमात महिनाभर हात लावून काम करा. ब्रिटनच्या इंटरव्ह्यूत तो अनुभव उपयोगी पडतो, तो वेगळा फायदा.

दुसरं, तिथे पेशंटला विचारल्याशिवाय हात लावत नाहीत. ‘मी आता तुमचा बीपी बघू का?’ हे रोज, प्रत्येक वेळी. आणि डॉक्टरची चूक दिसली तर विद्यार्थिनीनेही बोलून दाखवायचं असतं. ‘सर’ म्हणून गप्प बसायची आपली सवय तिथे गुण धरला जात नाही. बारा-बारा तासांच्या पाळ्या आणि रात्रपाळ्या शिकतानाच सुरू होतात.

पायरी १०: निघताना आणि पोचल्यावर

कॉलेजकडून मिळणारा अभ्यासक्रमाचा तपशील आणि प्लेसमेंटच्या तासांची नोंद पहिल्या वर्षापासून जपून ठेवा. भारतात परतून काम करायचं ठरलं तर इथल्या कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते आणि तेव्हा विषयवार तास मागतात.

जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, ‘आनमेल्डुंग’, करायची. त्याशिवाय बाकीची कामं अडतात. ब्रिटनचा व्हिसा आता ऑनलाइन ई-व्हिसा असतो, निघण्यापूर्वी खातं उघडून तपशील बरोबर आहे का ते बघा, आणि पोचल्यावर आठवड्याभरात जवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा.

बॅगेत शेंगाचटणी आणि कडक भाकरी जाणारच. ब्रिटनला त्यांची अडचण येत नाही, फक्त तूप, खवा, पेढे नेऊ नका. दुधाचे पदार्थ तिथे चालत नाहीत. ऑस्ट्रेलियाला काहीही खायचं नेत असाल तर विमानात मिळणाऱ्या कार्डावर ‘हो’ अशी खूण करून दाखवा. दाखवलं तर फार तर काढून घेतात, लपवलं तर दंड होतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो.